चार नंबर बोलत नाही

मी हॉकीचा सामना आवाज बंद करून बघतो. आजची नाही, बावीस वर्षांची सवय आहे. प्रेक्षकांचा गलका कानावर आला की नजर चेंडूमागे पळते, आणि नजर चेंडूमागे पळाली की बचावपटूचं काही कळत नाही. चेंडू साठ मीटर लांब असताना तो पाय कुठे ठेवतो, मान किती वेळा वळवतो, ते बघायचं असतं. पुढे खेळणाऱ्याची किंमत त्याच्या गोलांवरून शेंबडं पोरही सांगेल. मागच्याला बघायला डोळ्यांत तेल घालावं लागतं, आणि ते काम क्लबाने माझ्याकडे दिलंय. पोरं मला पाठीमागे ‘कात्री’ म्हणतात. म्हणेनात का! माझ्या अहवालाने कापला गेलेला पुन्हा उगवला, असं अजून झालेलं नाही.

काम घरूनच चालतं. तिसरा मजला, गुडघ्याला पट्टा, स्क्रीनवर उजेड नको म्हणून पडदे दिवसाही ओढलेले. टेबलाशी दोन खुर्च्या आहेत. दुसरीवर आता कागद असतात. बायको होती तेव्हा ती दारात उभी राहून म्हणायची, "अहो, ऐकताय का?" आणि मी वळून न बघता हात वर करायचो. म्हणजे, थांब जरा. तिला जाऊन चार वर्षं झाली. दाराबाहेर जिन्यात कुणी बोललं तरी माझा हात अजून वर जातो, आणि मग मलाच कसंनुसं होतं.

तर गेल्या महिन्यात कोचने चार सामने पाठवले. हा कोच माझ्याच हाताखाली खेळलेला, अजून मला ‘दादा’ म्हणतो. थोरल्या संघात बचावाची एकच जागा रिकामी होती, आणि तिच्यासाठी त्याच्या मनात होता एक एकोणीस वर्षांचा फुलबॅक, जर्सी नंबर चार. या वर्षी वर गेला नाही तर वयामुळे धाकट्या संघातूनही बाहेर, म्हणजे खेळ संपलाच. अहवालाच्या कागदावर नेहमीचे दोन रकाने होते: ‘उणिवा’ आणि ‘पुढील भूमिका’.

क्लबाचा कॅमेरा गोलच्या मागे खांबावर बसवलेला. त्यामुळे बचावपटूंच्या पाठीच दिसतात. पण पाठही पुष्कळ बोलते, निदान मला तसं वाटायचं. चार दिवस बघून मी लिहिलं: डाव्या बाजूने कुणी आला की वळायला अर्धा सेकंद उशीर. घाईने स्टिक टाकतो, समोरच्याची चूक होईपर्यंत धीर धरत नाही. आणि तिसरी उणीव, खाली रेघ मारून: बोलत नाही.

ही तिसरी सगळ्यांत वाईट. मागे उभ्या असलेल्याला सगळं मैदान दिसतं, म्हणून सगळ्यांना सांगायचं काम त्याचं. चेंडू आपण घेणार असू तर "माझा!" म्हणून ओरडायचं, की बाकीचे बाजूला होतात. हा गडी ना हात करायचा, ना बोट दाखवायचा. तोंडात मिठाची गुळणी धरून उभा! मी त्याला मनातल्या मनात ‘मौनीबाबा’ नाव ठेवूनही टाकलं. त्याच्या पुढचे तिघे मात्र दर वेळी नेमके जागेवर. त्या तिघांचं मी वेगळ्या कागदावर कौतुक लिहिलं. चार नंबरच्या ‘पुढील भूमिका’मध्ये लिहिलं, ‘थोरल्या संघासाठी नाही’, आणि पाठवून दिलं.

शनिवारी दुपारी कोचचा फोन आला. "दादा, कॅमेरा बंद पडलाय. आज सराव सामना आहे आणि पाचला यादी लावायचीये. दोन गोलकीपरांतला एक ठरत नाही. या ना तुम्हीच."

"माझा गुडघा तुझ्या बापाने चालवायचा का?" म्हटलं. पण गेलो. खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मला आलेला तो पहिलाच फोन होता.

मैदानात पाऊल टाकून चार वर्षं झाली होती. गोलकीपर बघायचा म्हणून जाळीच्या मागेच खुर्ची मागून घेतली. सामना सुरू झाला आणि कुठून तरी बोलणं ऐकू यायला लागलं. ओरडणं नव्हे, साधं बोलणं. "डावीकडे दोन पावलं... हां, बस. सात नंबर तुझ्या पाठीशी आलाय, बघू नकोस, नुसता सरक. शाबास. मी आहे मागे." आणि पुढचे तिघे त्या आवाजाबरोबर हलत होते. आवाज म्हणाला सरक की सरकायचे, थांब म्हणाला की थांबायचे. मध्येच, अगदी सहज, "माझा," आणि तिघेही न बघता बाजूला.

चार नंबर! पस्तीस मिनिटांत त्याचं तोंड एक क्षण बंद नव्हतं. गोलकीपर हसून ओरडला, "अरे रेडिओ, श्वास तरी घे!" रेडिओ म्हणतात त्याला. अख्खा क्लब रेडिओ म्हणतो, आणि मी अहवालात त्याला मुका ठरवून बसलोय. कुणीतरी थोबाडीत द्यावी तसं झालं. ज्या तिघांचं मी कौतुक केलं ते याच्या बोलण्यावर चालत होते, आणि माझ्या घरी आवाज बंद होता.

मध्यंतरात कोचला बाजूला घेतलं. यादी त्याच्या खिशात होती. "चार नंबर आहे का त्यात?"

"नाही. तुम्हीच तर..."

"माझं चुकलं."

"दादा, हे तुमच्या तोंडून पहिल्यांदा ऐकतोय."

"पण तू तर रोज इथे असतोस, गाढवा! तुला ऐकू येत नव्हतं?"

"येत होतं ना," तो खाली बघत म्हणाला. "पण तुम्ही लिहिलंत म्हटल्यावर वाटलं, आपल्यालाच काही कळत नसेल."

बावीस वर्षांत असे किती कापले असतील मी, हे मोजायची हिंमत झाली नाही. तिथेच बाकावर बसून नवा कागद लिहिला. डाव्या वळणाचा उशीर तसाच ठेवला, घाईची स्टिकही तशीच, ते खरंच आहे. तिसरी उणीव खोडली. ‘पुढील भूमिका’मध्ये लिहिलं: थोरल्या संघाचा शेवटचा बचावपटू. बाकीची फळी याच्याभोवती बांधा. पाचला यादी लागली, आणि त्यात चार नंबर होता.

तो बूट सोडत बसला होता. माझ्याजवळ आला, घाबरतच. "सर, माझ्यात काय कमी आहे?"

डावं वळण सांगितलं, धीर धरायला सांगितलं. मग राहवलं नाही म्हणून विचारलं, "एवढं सारखं काय बोलत असतोस रे? कुणी शिकवलं?"

तो लाजला. "शिकवलं नाही कुणी. मागे उभं राहिलं की एकटं वाटतं, सर. बोलत राहिलं की सगळे जवळ आहेत असं वाटतं."

वीस वर्षं मी त्याच जागेवर उभा होतो. फक्त "माझा!" ओरडायचो, आणि पुढे कुणी चुकला की शिवी. एकटं तर मलाही वाटायचं. त्यावर काही करता येतं, हे डोक्यातच आलं नाही कधी.

घरी आलो तेव्हा उजेड होता. पडदे बाजूला सारले. माझा एक जुना सामना आहे, बायकोने बाकावर बसून घेतलेला. मुलीने टेपवरून संगणकावर उतरवून दिलाय. पन्नास वेळा तरी बघितला असेल, स्वतःच्या पायांसाठी. कॅमेरा सारखा हलतो म्हणून बायकोवर चिडलोही होतो तेव्हा. सामना लावला, आणि पहिल्यांदा आवाज चालू केला.

आधी नुसता वारा. मग कुणाचा खोकला, शिट्टी, गलका. मग शेजारून एक बाई विचारते, "तुमचं कोण खेळतंय?" आणि अगदी माईकला चिकटून, हसत, बायकोचा आवाज आला. माझा हात सवयीने वर गेला होता, तो मी खाली घेतला.

"तो बघा, सगळ्यांच्या मागे एकटाच उभा आहे ना," ती म्हणाली, "तो माझा."