बारशाच्या दिवशीची दावण

आमच्या मुलाला, राजसला, मुलगी झाली, ते हे वर्ष. एप्रिल संपता संपता ती जन्मली आणि मे महिन्यातला एक रविवार बारशाला धरला. टेक्सासातल्या फ्रिस्कोत हॉल घेऊन बारसं करायचं असं आमच्या सुनेच्या, मोनाच्या, मनात होतं. मोना इकडचीच, ओहायोत डब्लिनला जन्मलेली. मराठी बोलते, पण रागावली की इंग्रजीत. आमचे हे तिला म्हणाले, "अगं, हॉलमध्ये माझ्या गुरांना कोण येऊ देणार?"

म्हसवडजवळच्या आमच्या गावात घरी मंगल असलं की गुरं धुवायची, दावणीला बांधायची आणि पहिला नैवेद्य त्यांना द्यायचा. मग माणसांची पंगत. इकडे टेक्सासात गुरं कोणी बांधत नाही. ती मोकळ्या रानात चरतात, रानातच वितात. आमचीही तशीच होती. पण सणावाराला आणि घरच्या कार्याला हे दावण मांडायचेच.

फ्रिस्कोच्या उत्तरेला तासभर गेलं की आमचं रान. राजसच्या अपार्टमेंटात ह्यांचा जीव रमेना, म्हणून त्यानं ते घेतलं. हळूहळू गाई झाल्या. कुणाचं कुंपण पडलं, कुणाची गाय अडली, की आजूबाजूचे गोरे शेतकरी आधी ह्यांना फोन करायचे. ह्यांचं इंग्रजी चार शब्दांचं, पण जनावराजवळ तेवढं पुरायचं. फ्रिस्कोतल्या आपल्या मराठी पोरांचे आईबाप भारतातून सहा महिन्यांसाठी येतात आणि चार भिंतींत कंटाळतात. त्यांना हे गाडीत घालून रानात आणायचे, झाडाखाली बसवायचे, ताक पाजायचे.

मला मात्र या मुलखातल्या मे महिन्याची धास्ती वाटायची. हवा कोंदट होते, दक्षिणेचा वारा सुटतो आणि संध्याकाळपर्यंत काय होईल याचा नेम नसतो. घरामागं जमिनीत काँक्रीटची एक खोली आहे, वर लोखंडी दार. राजसनं ती टोर्नेडोसाठी बांधून घेतली होती. आमचा शेजारी डेल, सत्तरीचा, त्यानं मला हातवारे करून शिकवलं होतं: आत गेलात की कडी लावायची आणि बाहेर शांत होईपर्यंत काढायची नाही.

बारशाच्या सकाळी वारा दक्षिणेचाच होता. मी म्हटलं, "अहो, आज गुरं बांधू नका. नैवेद्य रानात नेऊन देऊ."

"पोरंसोरं येणार. मोकळ्या गुरांत सोडू होय त्यांना?"

दुपारी पाहुणे आले. गाई पत्र्याच्या गोठ्यात लोखंडी पाइपाला ओळीनं बांधल्या होत्या, करड्या, मोठ्या वशिंडाच्या. देवदत्त म्हणून राजसचा मित्र आहे, पुण्याचा. त्यानं विचारलं, "काका, या कुठल्या जातीच्या?"

"इथं ह्यांना ब्राह्मण म्हणतात. तुमच्यातल्याच. म्हणून तर आधी जेवायला लागतं."

सगळे हसले, देवदत्त सगळ्यांत जास्त. मी हसता हसता दावणीकडं पाहिलं. मोठ्या गाईंची दावी सुरगाठीनं बांधलेली होती, टोक ओढलं की सुटतील अशी. पण टोकाला दोन पहिलारू कालवडी होत्या. त्यांना दाव्याची सवय नव्हती, हिसके देत होत्या. पोरं जवळ जातील म्हणून त्यांना ह्यांनी निरगाठ मारली होती. ती गाठ जितकी ओढाल तितकी आवळते.

नैवेद्याची ताटं अजून घरातच होती. पाळणा सजला होता. तेवढ्यात सगळ्यांचे फोन एकदम कोकलले. मला इंग्रजी वाचता येत नाही, पण मोनाचा चेहरा वाचता आला. बाहेर पश्चिमेचं आभाळ शेवाळलेल्या पाण्यासारखं हिरवं झालं होतं आणि वारा एकाएकी पडला होता. तो पडला याचीच मला जास्त भीती वाटली.

"सगळे खाली! शेल्टरमध्ये! शूज राहू देत!" राजस ओरडला.

ह्यांनी एकेकाला हाताला धरून खाली उतरवलं. म्हाताऱ्यांना आधी, मग पोरांना. शेवटी बाळ माझ्या हातात दिलं आणि मागं वळले.

"अहो, कुठं?"

"गुरं सोडून येतो. मोकळं असतं तर पळालं असतं. दावणीला बांधलेलं जनावर कुठं पळणार?"

"राहू द्या हो!"

"मी बांधलीत, मीच सोडणार. तू दार लाव. मी आलो की ठोकतो."

राजस त्यांच्यामागं निघाला. ह्यांनी त्याला छातीवर हात लावून मागं ढकललं, लहानपणी ढकलायचे तसं. "तुझी पोर खाली आहे. जा."

आम्ही दार ओढून कडी घातली.

आत अंधार होता. फोनचा एक दिवा, त्यात सगळ्यांचे गुडघे दिसत होते. कुणी रामरक्षा पुटपुटत होतं, एक मुलगा सारखं विचारत होता, "इज इट हिअर? इज इट हिअर?" मग गारा सुरू झाल्या. लोखंडी दारावर दगड ओतावेत तसा आवाज. कान दडपले. बाळ रडायचं थांबलं, तेव्हा मी त्याच्या नाकाशी बोट धरून श्वास पाहिला.

मी मनात दावण मोजत होते. आता पहिली सुटली असेल, आता दुसरी. मोठ्या गाईंना वेळ लागणार नाही. कालवडींशी अडकले असतील. गाठ सुटायची नाही, विळा शोधावा लागेल. विळा खुंटीला आहे की मी ओल्या गवताजवळ ठेवला? आठवेना.

दारावर धाड धाड झालं.

"बाबा!" मोना किंचाळली. "राजस, बाबा आलेत! ओपन इट!"

मी पायरीवरच बसले होते, कडीखाली. राजस माझ्या अंगावरून हात घालू लागला. मी त्याचं मनगट धरलं.

"आई, सोड! ते बाहेर आहेत!"

"हाक आली का? ते हाक मारतील."

"या आवाजात हाक कशी ऐकू येणार?"

खरंच होतं ते. माझ्या मांडीवर त्याची मुलगी होती. मागं दुसऱ्यांची मुलं. पुन्हा धाड झालं. ठोकण्यासारखंच होतं. मी बाळ मोनाकडं दिलं आणि म्हटलं, "देवदत्त, तू पण ये. दोघं दार धरा. मी कडी काढते."

कडी निघाली आणि दार हातभर वर उचललं गेलं. वाऱ्यानं राजसला पायरीवरून उचललंच होतं. देवदत्तनं त्याचा पट्टा धरला. त्या फटीतून मी पाहिलं. माणूस नव्हता. गोठ्याचा वाकलेला पत्रा दारावर आपटत होता आणि त्याच्यापलीकडं काही दिसत नव्हतं, ना गोठा ना घर, नुसती काळी भिंत, गरगरणारी. तिघांनी लोंबकळून दार खाली ओढलं. राजसनं कडी घातली आणि तिथंच खाली बसला. त्यानं पुन्हा दाराला हात लावला नाही.

रामरक्षा थांबली.

बाहेर शांत झाल्यावर आम्ही वर आलो. घराचं अर्धं छप्पर गेलं होतं. पाळणा कुठं दिसेना. गोठ्याचे नुसते पाइप उभे होते. गाई ओढ्याच्या उतारावर एकमेकींना चिकटून उभ्या होत्या, गळ्यात दावी लोंबत. एक कालवड त्यांच्यात होती, तिचं दावं कापलेलं. दुसरीही तिथंच होती. म्हणजे सगळी सुटली होती.

हे गव्हाणीपाशी सापडले. उखडलेला एक पाइप अंगावर पडला होता, विळा हातात तसाच. डोळे उघडे होते.

"पोरं?" त्यांनी विचारलं.

"सगळी आहेत," मी म्हटलं.

"बाळ?"

"मोनाकडं आहे. झोपलंय."

"मला थंडी वाजतेय गं," ते म्हणाले. तेवढ्या उकाड्यात.

डेल ट्रॅक्टर घेऊन झाडांमधून वाट काढत आला. त्यानं पाइप उचलला, आपला कोट काढून ह्यांच्यावर घातला आणि अँब्युलन्स येईपर्यंत त्यांचा हात धरून चिखलात बसून राहिला. रस्ता झाडांनी अडला होता. फार वेळ लागला. डॉक्टरांनी राजसला सांगितलं की आत रक्तस्राव झालाय. त्यानं मला ते मराठीत सांगितलं, पण त्याच्या आधीच मला कळलं होतं.

हॉस्पिटलात त्यांच्या खोलीबाहेर माणसं मावत नव्हती. फ्रिस्कोच्या बायका डबे आणायच्या. आमच्या गाई डेलनं आणि रस्त्यापलीकडच्या लोकांनी आपल्या कुंपणात घेतल्या. कुणीच त्या बांधल्या नाहीत. शुद्ध असताना ह्यांनी एकदाच बाळाला आणायला सांगितलं. मोनानं तिला त्यांच्या उशीशी ठेवलं आणि तिथंच तिच्या कानात नाव सांगितलं. अनिका. ह्यांनी ऐकलं की नाही, मला सांगता येत नाही.

एकनाथ बाबू कोळेकर, माझे यजमान, बारशानंतरच्या गुरुवारी सकाळी हॉस्पिटलात वारले.