डोळे आल्यावर घालायचा गॉगल

मित्रांनो, काळा गॉगल म्हटलं की तुम्हाला बुलेटवरचा रुबाबदार गडी आठवत असेल. माझ्या नशिबी तो रुबाब नव्हता. मी गडमुडशिंगीतल्या एका घरातला, डोळे आल्यावर घालायचा गॉगल आहे.

आण्णांनी मला जोतिबाच्या यात्रेत हौसेनं घेतलं, दोन दिवस मिरवलं आणि कोनाड्यात टाकलं. पण त्याच वर्षी डोळ्यांची साथ आली. आण्णा, त्यांची आई बाळाबाई, शेजारची मोना, सगळ्यांनी मला आळीपाळीनं घातलं. "ह्या गॉगलाचा लई गुण हाय," असं बाळाबाई गल्लीभर सांगायच्या. कसला गुण! डोळे आपोआप बरे व्हायचे. उलट मीच साथ या घरातून त्या घरात नेली असेन. पण फुकटचं कौतुक कुणाला नको असतं? मीही फुगलो.

आण्णांची मुलगी अनुजा पोलीस भरतीची तयारी करत होती. पहाटे पळायची, मग म्हशींसाठी वैरण कापायला जायची. गेल्या पावसाळ्यात रानात गुडघाभर पाणी साचलं होतं. भेगाळलेल्या पायांनी ती त्यात अनवाणी उतरायची. त्यातच तिला सणकून ताप आला, पोटऱ्या ठणकू लागल्या. गावातल्या दवाखान्यात सलाईन लावलं, ताप उतरला आणि घरच्यांच्या लेखी विषय संपला.

दिवाळीनंतर तिचा डावा डोळा लाल झाला.

"डोळं आल्यात गं तुझं," बाळाबाई म्हणाल्या. "आल्यात तसं जातील. गॉगल घाल की!"

मी अगदी जवळून बघत होतो. चिपडं नव्हती, पापण्या चिकटत नव्हत्या. डोळा आतून ठणकत होता आणि उजेड सुईसारखा टोचत होता. हे डोळे येणं नव्हतंच हो! उजेड सोसेना म्हणून तरी ती चार दिवसांत दवाखान्यात गेली असती. पण तो उजेड मी अडवला. "गॉगल घातला की बरं वाटतंय," असं ती म्हणायची आणि मी गाढव खूश व्हायचो. मेडिकलमधून आणलेले थेंब घालत दीड महिना गेला.

मग भरतीची जाहिरात निघाली. अनुजानं उजवा डोळा हातानं झाकून कॅलेंडरचे आकडे वाचून बघितले. आकडे राहू देत, तिला कॅलेंडरच दिसेना.

कोल्हापूरला डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी विचारलं, "मागे मोठा ताप आला होता का?"

"आलता की, पावसाळ्यात," आण्णा म्हणाले. "पर तापाचा आणि डोळ्याचा काय संबंध?"

रक्त तपासल्यावर बाईंनी सांगितलं, "साचलेल्या पाण्यात उंदरांच्या लघवीतून जंतू येतात. ते पायाच्या भेगांतून अंगात गेले. ताप उतरला, पण पुढं काही महिन्यांनी त्यापायी डोळ्याच्या आत सूज आली. वेळेवर आला असता तर औषधानं आवरली असती. आता दाब वाढून डोळ्याची शीर सुकलीय. या डोळ्याची नजर परत येणार नाही."

"आणि माझी भरती?" अनुजानं विचारलं.

बाईंनी कागदावर फेरतपासणीची तारीख लिहून तिच्या हातात दिली.

आता अनुजा पळायला जात नाही. लोक डोळ्याकडे बघतात म्हणून मला घरातही काढत नाही. फेरतपासणीची तारीख उलटून गेली. "जाऊन काय नजर येणार हाय व्हय?" असं म्हणते.

मित्रांनो, डोळा लाल झाला, दुखू लागला, उजेड सोसेना, तर माझ्यासारख्याच्या नादी लागू नका. तडक डॉक्टरांकडे जा आणि मागचा ताप आठवणीनं सांगा. मला हे तिला सांगता येत नाही हो, म्हणून तुम्हाला सांगतोय. परवापासून तिचा उजवा डोळाही लाल झालाय. ती म्हणते, रडून झालाय. आणि मी काळा आहे, म्हणून घरात दुसऱ्या कुणाला तो दिसत नाही.