मानेमागचा आरसा

मित्रांनो, न्हाव्याच्या दुकानातला मी एक जुना आरसा आहे. भिंतीवरचा मोठा तो माझा थोरला भाऊ. मी लाकडी मुठीचा, गिऱ्हाइकाच्या मानेमागे धरायचा. आपली मान आपल्याला दिसत नाही, म्हणून माझा जन्म. कित्येकांना टक्कल पडू लागल्याचे मीच प्रथम दाखवले आणि शिव्या मात्र थोरल्याने खाल्ल्या.

मालकांची एकुलती लेक त्यांच्याच हाताखाली तयार झाली. बापाहून हलका हात. पुढे दुकान तीच चालवणार, हे ठरल्यासारखेच होते.

एकदा बापाचे केस कापताना ती थबकली. मानेवर, केसांखाली, लिंबाएवढी मऊ गाठ होती. तिने मला मागे धरले.

"बाबा, बघा तरी. दुखतं का?"

"नाही. न दुखणारीच वाईट असते," म्हणत त्यांनी डोळे मिटले.

"डॉक्टरांना दाखवू या."

"नको. कळून काय करू?"

त्यांनी केस वाढवून गाठ झाकली. न्हाव्यानेच केस वाढवले म्हणून लोक हसले. आपल्यामागे पोरीचे काय, या एकाच घोराने त्यांना पोखरले. तीन महिन्यांत, आले ते पहिले स्थळ पाहून त्यांनी तिचे लग्न उरकले. सासर दोन दिवसांच्या प्रवासावर. "बाबा, मला दुकान चालवायचंय हो," ती म्हणत राहिली. जाताना तिने मला पुसून खुंटीला अडकवले.

चार वर्षांनी मान वळेना, तेव्हा मालक नाइलाजाने दवाखान्यात गेले. गाठ काढून परतल्यावर रिकाम्या दुकानात ते माझ्याशीच बोलले.

"डॉक्टर म्हणाले, मानेत इतकी खोल क्वचितच होते, पण साधी चरबीची गाठ. जिवाला धोका कधी नव्हताच. आणि मी पोरीला घालवून बसलो रे." मग ते लहान मुलासारखे रडले.

लेकीचा फोन येतो. तिकडे तिला कात्रीला हात लावू देत नाहीत. ती एवढेच विचारते, "टाके सुकले का, बाबा? आरशात बघा."

मित्रांनो, मागून कुणी मायेने आरसा धरला, तर डोळे मिटू नका. मालक आता रोज मला खांद्यावरून मागे नेतात, पण हात तेवढा पोहोचत नाही. मला छत दिसते, दार दिसते. दारात कुणी नसते.