काय ठेवायचं, काय काढायचं

पुण्यातल्या बड्या घरांत मुनव्वरसाहेबांनी रंगवलेली तसबीर नसली, तर त्या घरात काहीतरी कमी आहे असं लोक धरून चालत. साहेबांची रीत ठरलेली. आधी कोळशाने जसं दिसतं तसं काढायचं, मग घरच्यांना पुढे बोलावून विचारायचं, "बोला, काय ठेवायचं, काय काढायचं?" कुणी दुसरी हनुवटी काढायला सांगे, कुणी देवीचे व्रण. रंग त्यानंतर.

सरोजिनी साहेबांच्या माडीवर दीड वर्षाच्या माधवला मांडीवर घेऊन बसली होती. मागे खुर्चीत सासूबाई, मंदाकिनीबाई. नातवाची तसबीर ही त्यांची हौस. सरोजिनीचा जीव मात्र माधवच्या डाव्या डोळ्यात अडकलेला. तो डोळा नाकाकडे वळायचा. उजवा डोळा हाताने झाकला की पोर चिडून हात ढकलायचं. डावा झाकला तर खुशाल खेळत राहायचं. डॉक्टरांना दाखवू या म्हटलं की सासूबाई म्हणायच्या, "अगं, किंचित तिरळेपणा भाग्याचा असतो. कॉलेजात शिकवलं नाही वाटतं?" नवरा वर्तमानपत्रातून मान वर काढायचा, आईकडे बघायचा आणि पुन्हा आत घालायचा.

"या, बघून घ्या," साहेब म्हणाले.

कोळशातला माधव हुबेहूब होता. डोळ्यासकट.

मंदाकिनीबाईंनी चष्मा लावला. "सुरेख! तेवढा डोळा सरळ करा."

परक्या माणसासमोर सासूला उलट बोलायचं सरोजिनीच्या स्वप्नातही नव्हतं. तरी तोंडातून गेलंच, "भाग्याचा आहे ना, आई? मग चित्रात का नको?"

साहेब बोटं पुसत मंदाकिनीबाईंना म्हणाले, "डोळे मी पुष्कळांचे सरळ केलेत, बाईसाहेब. त्यामुळे कुणाला जास्त दिसायला लागलं नाही."

मंदाकिनीबाई चित्राकडे बघत राहिल्या, मग नातवाकडे. "याला त्या डोळ्याने दिसत नाही का गं?"

"कमी दिसत असावं. तेच तर सांगत होते."

"डोळ्यांचा डॉक्टर कोण चांगला?" त्यांनी साहेबांनाच विचारलं.

"स्वारगेटजवळ जयसिंगराव बसतात. त्यांची तसबीर मीच केलीय. पोट निम्मं काढलंय, तेव्हा चित्रावरून ओळखायला जाऊ नका."

सरोजिनी हसली नाही. ती माधवचं टोपडं बांधत होती. "आज भेटतील?"

"संध्याकाळपर्यंत असतात. आणि ही तसबीर?"

"डोळा तेवढा आहे तसा राहू द्या," मंदाकिनीबाई जिन्याकडे वळत म्हणाल्या. "डॉक्टर काय म्हणतात ते आधी ऐकू."

सरोजिनी तोवर खाली जाऊन टांगा थांबवत होती.