मामाची हळद

हे लिहिणारच नव्हतो. पण हळदीच्या मांडवात महारुद्रचा सदरा टर्रकन फाटला, अन् तिथून पुढचं सांगितल्याशिवाय राहवत नाही.

फाडला त्याच्या दाजीनं, अमरसिंहनं. भाची वैष्णवीची हळद, मग मामा कोरडा कसा सुटणार?

“काय रं, आत सोनं लपवलंय का?” म्हणत दाजीनं तेलात कालवलेली हळद त्याच्या छातीवर खसाखसा चोळली. वरून घागरभर पाणी. सगळा मांडव हसला. महारुद्रही हसला.

त्याचा दोस्त बसवेश तेवढा हसला नाही. सदऱ्याखाली जांभळ्या शाईच्या रेघा होत्या, हे एकट्या त्यालाच ठाऊक. महारुद्रच्या अन्ननलिकेत कॅन्सरची गाठ. सोलापूरच्या दवाखान्यात त्या रेघा धरून रेडिएशनच्या मशीनचा शेक द्यायचे, अन् आठवड्यातनं एकदा सोबत केमोची सलाईन. घरी मात्र सोलापूरला जाण्याचं कारण टायरचा धंदा असं सांगितलेलं. लग्न उरकेपर्यंत कुणाला कळू द्यायचं नाही, एवढाच त्याचा हट्ट.

बसवेशनं त्याला मांडवामागं ओढलं.

“रेघा गेल्या की रं सगळ्या!”

“बरंच झालं. म्या आता जातच न्हाय.” महारुद्र दगडावर टेकला. “शेक एक वेळ सोसतो बसव्या, पण सलाईन चढली की आतडं पिळून निघतंय. दोन्ही एकदम कशाला?”

“औषधानं गाठ हळवी होती, मग शेक चांगला लागतो. डॉक्टरीणबाई तुझ्यापुढंच म्हणल्या न्हवं?”

“म्हणल्या. त्यांना कुठं ओकायचंय?”

तेवढ्यात त्याची बहीण, नवरीची आई राजेश्वरी, ताट घेऊन आली.

“मामानं घास घेतल्याबिगर पंगत बसत न्हाय!”

हुग्गीत, म्हणजे गव्हाच्या गोड खिरीत बुडवलेला चपातीचा भला मोठा घास तिनं त्याच्या तोंडात कोंबलाच. “अक्का, थांबा...” बसवेशचं तोंडातच राहिलं. महिनाभर महारुद्र पेजेवर होता, अन् त्यातली निम्मी परत यायची.

त्यानं चावलं. गिळलं. छातीत जळजळलं, पण घास अडला नाही.

“लई दिवसांनी जेवलास बघ माझ्या हातचं,” म्हणत अक्का पाव्हण्यांकडं वळली.

“गाठ हळवी झाली म्हणायची की रं,” बसवेश पुटपुटला. महारुद्रनं एकदा नुसताच आवंढा गिळून बघितला.

“उद्या लग्न लागलं की अक्काला म्याच सांगतो,” तो म्हणाला. “सोमवारी गाडी काढ. रेघा परत मारून घेऊ.”

“अन् सलाईन?”

“तीबी. ओकलो तर तुझ्याच गाडीत ओकीन. पण मधनं उठून पळायचो न्हाय. शब्द हाय तुला.”