खराबच्या डब्यातली स्लाइड

मी एक जुनी स्लाइड आहे. पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवलेला, बोटभर लांबीचा रंगीत फिल्मचा तुकडा. उजेडासमोर धरली तरच माझ्यातलं चित्र दिसतं. एरवी मी नुसती काळपट दिसते. मित्रांनो, माझी गोष्ट ऐकण्यासारखी आहे की नाही याची मला खात्री नाही. पण एक गोष्ट मनाला टोचत राहिली आहे, ती सांगून टाकते.

पाथर्डीच्या बसस्थानकामागे सत्तारभाईंचा फोटो स्टुडिओ होता. लग्नाचे आणि ओळखपत्रांचे फोटो काढून त्यांचं घर चाले. पण मुंबईत काही संस्था आहेत, त्या छायाचित्रं साठवून ठेवतात आणि मासिकांना, कॅलेंडरवाल्यांना लागतील तशी वापरायला देतात, हे त्यांनी कुठेतरी वाचलं होतं. आपलं एखादं चित्र तिथे असावं, एवढीच त्यांची इच्छा होती.

चौऱ्याण्णव साली दसरा झाल्यावर ऊसतोडीला निघालेल्या ट्रकपाशी त्यांना विमलबाई दिसल्या. डोक्यावर भांड्यांचं गाठोडं, हातात कोयता. सत्तारभाईंनी कॅमेरा वर केला, तशा त्या ओरडल्या, "थांबा! फोटू काढायचा म्हन्ल्यावर जुन्या लुगड्यात व्हय? लोक काय म्हनतील!"

ट्रकमधली पेटी त्यांनी खाली उतरवून घेतली आणि आडोशाला जाऊन नवं हिरवं पातळ नेसून आल्या. ड्रायव्हर हॉर्न वाजवत राहिला. मग कोयता खांद्यावर ठेवून त्या उभ्या राहिल्या, आणि माझा जन्म झाला.

"तुम्ही कॅलेंडरात येणार, विमलबाई," सत्तारभाई म्हणाले. आनंदाच्या भरात ते बोलून गेले. विमलबाईंनी ते खरं मानलं आणि तिकडे कारखान्यावर सगळ्या टोळीला सांगितलं.

मी रजिस्टर टपालाने मुंबईला गेले. तिथे खालून दिवा लावलेल्या काचेच्या टेबलावर मला ठेवलं. एका बाईंनी डोळ्याला भिंग लावून मला पाहिलं आणि त्या सोबत काम करणाऱ्या बाईंना म्हणाल्या, "ऊस तोडणारी बाई कधी इतकी नवी साडी नेसते का? मुद्दाम सजवून उभी केलेली दिसते." मला सांगायचं होतं की ती तिची स्वतःची साडी आहे. पण स्लाइडला बोलता येत नाही. मी परत आले. सोबत छापील चिठ्ठी होती, "आमच्या संग्रहास उपयुक्त नाही."

सत्तारभाईंनी मला दुसऱ्या संस्थेकडे पाठवलं. तिथले गृहस्थ हसले. "साडी छान आहे हो, पण चेहरा किती रापलेला! असं चित्र भिंतीवर कोण लावणार?" पुन्हा तशीच चिठ्ठी. ती बोलणी मी ऐकली होती. सत्तारभाईंच्या हाती फक्त चिठ्ठ्या आल्या. खरी कारणं त्यांना कधी कळलीच नाहीत. ते मला दारातल्या उन्हात धरून तासन्‌तास चूक शोधत बसायचे. मला वाटे, असेलच काहीतरी माझ्यात.

उन्हाळ्यात विमलबाई गावी परतल्या आणि थेट स्टुडिओत आल्या. "सत्तारभाई, आमी आलो का कॅलेंडरात?"

सत्तारभाईंची मान खाली गेली. "अहो, ती स्लाइड टपालात खराब झाली."

"आं! आता गं बया," एवढंच म्हणून त्या गेल्या.

बोललेलं खोटं खरं वाटावं म्हणून की काय, सत्तारभाईंनी मला एका पत्र्याच्या डब्यात टाकलं. त्यावर लिहिलं होतं, 'खराब'. आत धूसर, जळकी, ओरखडे पडलेली फिल्म होती. माझ्यावर तर एक डागही नव्हता. तरी हळूहळू मला पटू लागलं की मी तिथलीच आहे. मित्रांनो, आज मला सर्वांत जास्त लाज वाटते ती याचीच.

पुढच्या दसऱ्याआधी विमलबाई मुलीला, प्रज्ञाला, घेऊन आल्या. वसतिगृहाच्या अर्जाला तिचा फोटो हवा होता. तो काढून झाला आणि त्या म्हणाल्या, "ती खराब झालेली मलाच द्या की. तुमी फेकूनच देनार!"

सत्तारभाईंचा चेहरा उतरला. त्यांनी डब्यात पुष्कळ शोधल्यासारखं केलं, आणि शेवटी मला बाहेर काढलं. विमलबाईंनी मला दाराच्या उजेडात धरलं.

"प्रज्ञा, ये, बघ. पातळाचा काठ सुदिक दिसतोय. सत्तारभाई, कुठं खराब हाय ही?"

सत्तारभाईंनी डब्याचं झाकण लावलं. मग म्हणाले, "खराब नाही झाली. दोन ठिकाणी पाठवली. त्यांना पसंत पडली नाही. तुम्हाला सांगायची मला लाज वाटली."

विमलबाई आधी रागावल्याच. "अख्ख्या टोळीला सांगून बसले मी! तवाच सांगायचं ना!" मग त्यांना हसू आलं. "मलाबी लग्नाआधी दोन पाव्हने बघून गेल्ते. एक म्हन्ला पोरगी लई उंच हाय. दुसरा म्हन्ला बुटकी हाय. मी तर तेवढीच हुते! मंग माझ्या बापानं काय गावात सांगायचं हुतं, पोरगी खराब झाली म्हनून?"

प्रज्ञा खुदकन हसली. सत्तारभाईंना हसता आलं नाही. त्यांनी नगरहून माझी एक मोठी प्रत करून आणली आणि विमलबाईंना दिली. ती पेटीत पातळाखाली ठेवून त्या पुन्हा तोडीला गेल्या. सत्तारभाईंनी नंतरही चित्रं पाठवली. काही ठेवून घेतली गेली, पुष्कळ परत आली. परत आलेल्यांसाठी त्यांनी वेगळा डबा केला आणि त्यावर लिहिलं, 'परत आलेल्या'. मी आता त्यात आहे. मी कधीच कुठे छापली गेले नाही.

मित्रांनो, कुणी तुम्हाला नको म्हटलं, तर तेवढंच ऐका. पुढचा 'खराब' हा शब्द आपल्या मनाने जोडू नका. मी जोडला होता. आणि कधी माझ्यासारखी एखादी हातात आलीच, तर तिला कडेने धरा, उजेडाकडे करून बघा. माझ्या एका कोपऱ्यावर विमलबाईंच्या अंगठ्याचा ठसा उमटला आहे. तेवढा मात्र पुसू नका.