अडकलेलं टपाल

किर्रर्र... टिंव टिंव... खर्रर्र! हा आवाज निघाला की घरातली माणसं कानांवर हात ठेवायची. तो आवाज करणारा मी, मोडेम बोलतोय. फोनची तार एका बाजूने माझ्यात शिरायची, कॉम्प्युटरची दुसऱ्या बाजूने. मधे बसून मी दोघांचं बोलणं एकमेकांना समजावून द्यायचो. दुभाष्याच म्हणा ना.

एका कारखान्यातल्या लांबलचक पट्ट्यावर माझा जन्म झाला. हातमोजे घातलेल्या बायकांनी माझ्या पोटात चिपा बसवल्या, तोंडावर लाल-हिरवे दिवे लावले, एकदा किंचाळायला लावून बघितलं आणि खोक्यात बंद केलं. पुढे ज्या घरी पडलो, तिथल्या मालकाला माझं किंचाळणं कधी ऐकूच आलं नाही.

ते छापखान्यात शिशाचे उलटे खिळे जुळवणारे कंपोझिटर होते. गल्ली त्यांना टाइपकाका म्हणायची. ऐन तिशीत एका तापात त्यांचे कान गेले. बोलणं शाबूत राहिलं, पण आपण किती मोठ्याने बोलतोय याचा अंदाज सुटला. "जरा मीठ दे" म्हणाले तरी शेजाऱ्यांना कळायचं की आमटी अळणी झालीय. बायकोचे, म्हणजे काकूंचे, ओठ ते सराईतपणे वाचत. बाकीच्यांनी लिहून दाखवायचं.

लेक लग्न होऊन दूरदेशी गेली आणि बापलेकीचं बोलणंच थांबलं. फोन आला की काकू बोलायच्या आणि काका त्यांच्या चेहऱ्यावरून तिकडची खबर ओळखायचे. म्हणून पहिल्याच सुट्टीत लेक मला घेऊन आली. त्यांच्यासमोर उभी राहून सावकाश म्हणाली, "बाबा, आता मधे कोणी नाही. फक्त तुम्ही आणि मी."

मधे मी होतो, पण ते असो.

काका माझी भाषा दिव्यांवरून शिकले. हिरवा स्थिर झाला की लाइन जुळली. लाल लुकलुकला की टपाल येतंय. मी किंचाळायला लागलो की ते माझ्या पाठीवर तळहात ठेवायचे आणि माझी थरथर जाणवली की खूश व्हायचे.

पुढे लेकीला दिवस गेले. "बाळंतपणाला इकडेच ये," असं काकांनी बजावून लिहिलं. तिने नाही म्हटलं. थोडी वादावादी झाली, मिटली. पण शेवटी शेवटी तिचा रक्तदाब वाढला आणि डॉक्टरांनी तिला इस्पितळात झोपवून ठेवलं. वॉर्डात फोन नव्हता. काका रोज तिला ईमेल लिहीत. मांजरीने कुठे पिल्लं घातली, छापखान्यात कुणाच्या आडनावाचा कसा विचका झाला, असलंच काहीबाही. जावई ते ऑफिसात छापून घ्यायचे आणि तिच्या उशाशी नेऊन द्यायचे. तिला तेवढाच विरंगुळा.

आणि नेमकं तेव्हाच टपाल बंद पडलं.

मी नंबर फिरवायचो, पलीकडच्या मोठ्या मशीनशी ओळख पटायची, टपाल उतरायला लागायचं. पडद्यावरची निळी पट्टी मुंगीसारखी सरकायची आणि मधेच लाइन तुटायची. परत जोडलं की पट्टी पुन्हा पहिल्यापासून. काकांची पत्रंही जागची हलेनात. आधी आलेलं उतरवायचं आणि मगच लिहिलेलं पाठवायचं, असा त्या प्रोग्रामचा शिरस्ता होता.

एका रविवारी सकाळी जावयांचा फोन आला. "आई, बाबा लिहीत का नाहीत? ती सारखी विचारतेय, बाबा अजून रागावलेत का म्हणून."

"अहो, मशीन अडलंय आमचं! सांगा ना तिला."

"सांगितलं. तिला वाटतंय, मी तिची समजूत काढतोय. उद्या सकाळी ऑपरेशनला नेणार आहेत तिला."

काकूंनी सगळं ओठांनी सांगितलं. काका ताडकन म्हणाले, "मी? तिच्यावर रागावलोय?" मग त्यांनी बाह्या वर सारल्या. "आज हे सुटल्याशिवाय मी उठत नाही."

इंटरनेट कंपनीचं मदतकेंद्र होतं, पण ते फोनवरच. काकूंनी फोन लावला.

"मोडेम चालू करा आणि पडद्यावर काय दिसतं ते सांगा," तिथली बाई म्हणाली.

"मोडेम चालू केला की फोन बंद पडतो, बाई! तार एकच आहे घरात!"

मग धावून आल्या समोरच्या वहिनी. त्या घरी शिवणकाम करायच्या. त्यांची खिडकी आमच्या खिडकीसमोर, मधे जेमतेम सायकल जाईल एवढा बोळ. वहिनींनी आपल्या फोनवरून मदतकेंद्र धरलं आणि खिडकीत उभ्या राहिल्या. बाई सांगणार वहिनींना, वहिनी ओरडणार काकूंना, काकू ओठ हलवणार काकांकडे वळून, आणि काका बटणं दाबणार. अशी वरात निघाली.

"ई म्हंतेय, हेटिंगात जा!" वहिनी ओरडल्या.

"वहिनी, तोंडातल्या टाचण्या काढा आधी!"

बाई मात्र शांत डोक्याची होती. तिने विचारलं, घरात दुसरा फोन आहे का? होता, स्वयंपाकघरात. काकांनी तो उपटून बाजूला ठेवला. मी परत नंबर फिरवला. पट्टी थोडी पुढे गेली आणि तुटली.

"कॉल वेटिंग आहे का? मधेच दुसरा फोन आला की लाइन तुटते."

काकूंनी कपाळावर हात मारला. लेक इस्पितळात आहे कळल्यापासून मावश्या, आत्या, चुलत सासरे, सगळ्यांचे फोन चालू होते. काकांना हसावं की रडावं कळेना. "म्हणजे तिची चौकशी करणारेच तिची पत्रं तोडतायत?"

कॉल वेटिंग बंद झालं. आता लाइन टिकली, पण पट्टी काही संपेना. तेव्हा बाईने आपल्या पडद्यावर काकांची पेटी उघडून बघितली.

"एक अवाढव्य पत्र दारातच आडवं बसलंय. जावयांनी पाठवलेलं. त्याच्या मागे बाकीच्यांची रांग लागलीय. मी इथून ते पुसते, लगेच सगळं मोकळं होईल."

"कसलं पत्र आहे?" काकूंनी विचारलं.

वहिनींनी ऐकलं आणि त्यांचा आवाज एकदम उतरला. "बाळाचा पहिला फोटो, असं लिहिलंय म्हणे. सोनोग्राफीचा."

काकूंचे ओठ पुरते हलायच्या आत काकांना कळलं. "पुसायचं नाही!"

खिडकीच्या काचा थरारल्या. वहिनींच्या फोनमधून बाईलाही ते थेट पोचलं. "ऐकलं मी," ती म्हणाली. "मग दुसरा रस्ता आहे. मोठी पत्रं तूर्त आणू नकोस, असं प्रोग्रामला सांगू. बाकीची आधी येऊ देत."

काकांनी प्रोग्रामात तशी खूण केली. मी नंबर फिरवला. या खेपेला पत्रं भराभर उतरली. टाइप जावयांनी केलेली, पण शब्द लेकीचे. शेवटचं होतं, "बाबा, उद्या मला आत नेणार आहेत. रागावला असाल तर रागावूनच लिहा, पण लिहा."

काकांची अडकलेली पत्रं मागोमाग सुटली होतीच, पण त्यांनी नवं लिहिलं. "बाळा, मी रागावलो नव्हतो. तुझं बोलणं तारेत अडकलं होतं आणि माझंही. मी इथेच आहे. जाऊन ये." पाठवायचं बटण दाबलं. माझा लाल दिवा लुकलुकला. पत्र गेलं.

दुसरा कोणी असता तर उठला असता. काका उठले नाहीत. बाईच्या सांगण्यावरून त्यांनी माझा वेग उतरवला, पलीकडच्या मशीनची वाट बघायची मुदत वाढवली आणि मोठं पत्र मागवलं. मग मीही हट्टाला पेटलो. तारेत खरखर वाढली की मी पलीकडच्याला म्हणायचो, हा तुकडा बिघडलाय, परत दे. तो द्यायचा. दुपार टळून गेली. काकू ताट घेऊन आल्या, तशाच ताट झाकून गेल्या. उन्हं कलली तेव्हा पट्टी भरली.

पडद्यावर करडा धूर दिसला.

"हे काय, ढग आहेत की काय?" काकू म्हणाल्या.

जन्मभर उलटे खिळे वाचलेल्या काकांनी मान वाकडी केली. "डोकं खाली आहे. हे नाक. ही मूठ." बोलताना त्यांचा आवाज कधी नव्हे इतका हळू झाला होता.

दुसऱ्या दिवशी जावयांचा फोन आला. काकूंना सांगायची गरजच पडली नाही. त्यांचा चेहरा बघूनच काका मटकन खुर्चीत बसले. मुलगी झाली होती. दोघी सुखरूप होत्या. आत जाईपर्यंत लेकीने छापलेला कागद हातातून सोडला नव्हता म्हणे.

पुढे इंटरनेटची वेगळी जाड तार आली आणि माझं काम सुटलं. आता काका पडद्यावर नातीला बघतात. ती तोंड उघडून, एकेक शब्द सुटा करून बोलते. त्यांच्यासाठीच ती तसं बोलायला शिकलीय.

मी सध्या दाराशी एका खोक्यात आहे, जुन्या चार्जरांच्या गुंत्यात. जुनं यंत्रसामान नेणारी गाडी येईल तेव्हा जाईन. माझं पोट फोडून तांबं काढतील, त्याचं आणखी काही बनेल. तक्रार नाही.

जाता जाता एवढंच मागतो. तुमच्या माणसाचं उत्तर आलं नाही, तर तो रुसला असं धरून बसू नका. मधे काहीतरी अडकलं असेल. पुन्हा एकदा लावून बघा.